बाकावरून उठण्याची परवानगी

मी दत्तात्रय महादेव सोवनी, वय चौऱ्याहत्तर. शाळा सातवीत सुटली. पुढील शिक्षण सार्वजनिक वाचनालयात झाले. जर्मनीत वाल्डॉर्फजवळ मुलीकडे तीन महिने राहिलो आणि तेथील गावच्या बेसबॉल संघाचा चाहता झालो. एकाच बाकावर तीच माणसे दर रविवारी बसू लागली, की किस्से जमवावे लागत नाहीत. ते बाकाखाली आपोआप साठतात.

बाकावर आम्ही तिघे: मी, निवृत्त बसचालक हेर क्र्यूगर आणि संघाच्या धावा नोंदवणाऱ्या फ्राऊ लेन्त्स. तेथे हेर म्हणजे श्रीयुत आणि फ्राऊ म्हणजे श्रीमती. जावई प्रसाद मला मोटारीने आणून सोडीत असे.

*

महिन्याभराने पत्नी सुमती गुडघ्याच्या तपासणीसाठी पुण्यास परत निघाली. मीही तिच्यासोबत परतायचे, असे ठरले होते. मी म्हटले, "आपला संघ प्लेऑफला जाणार. तो पाहूनच येईन." प्लेऑफ म्हणजे पहिल्या चार संघांची बाद फेरी. आमचा संघ खालून दुसरा होता.

"अहो, हा संघ कसला पुढे जातोय? माझ्या गुडघ्यालासुद्धा कळतंय."

"जाईल. न गेल्यास मी स्वतः फोन करून 'तुझे बरोबर होते' असे सांगेन."

"लग्नाला एकोणपन्नास वर्षं झाली," सुमती म्हणाली. "तो फोन यायचाय अजून."

*

बेसबॉलचे जर्मन नियमपुस्तक मी शब्दकोश शेजारी ठेवून पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचले. पुढच्याच सामन्यात पंचांचा एक निर्णय चुकला. मी मैदानाच्या कडेला जाऊन त्यांना पृष्ठक्रमांक सांगितला.

हेर क्र्यूगर यांनी मला बाही धरून परत आणले. "हेर सोवनी, हे पुस्तक पूर्ण वाचलेला माणूस या मैदानावर आजवर आला नव्हता. खेळाडूंना कळू देऊ नका, घाबरतील."

*

एकदा आमच्या लागोपाठ धावा होत असताना हेर क्र्यूगर कॉफीसाठी उठू लागले. मी त्यांना खाली बसवले. संघ जिंकत असता जागा सोडावयाची नाही, हे आमच्याकडे क्रिकेट पाहणाऱ्या प्रत्येकास ठाऊक असते.

"यास शास्त्रीय आधार?"

"साठ वर्षांचा अनुभव."

ते बसले. सामना आम्ही जिंकलो. पुढच्या रविवारी पाहतो, तर बाकावर तिघांच्या नावांच्या छापील चिकटपट्ट्या. "जागा चुकायला नको," हेर क्र्यूगर म्हणाले. "आणि उठण्याची परवानगी यापुढे तुम्हीच द्यायची."

*

पुढे पुन्हा पराभवच झाले. प्रसाद गाडीत म्हणाला, "अप्पा, संपलं आता."

मी रात्रीच्या जेवणापूर्वी कागद घेऊन बसलो. आपण उरलेले तिन्ही सामने जिंकायचे, आपल्या लगेच वरच्या दोन संघांनी सर्व हरायचे, आणि एक सामना पावसाने रद्द होऊन गुण वाटले जायचे. शक्यता उरत होती.

फ्राऊ लेन्त्स यांनी चष्मा लावून तो कागद तपासला. "गेनाऊ, अगदी बरोबर. बेरीज अचूक आहे. पण पाऊस आला तर सामना पुन्हा खेळवतात. गुण वाटत नाहीत. ते तर तुमच्या पुस्तकातच आहे, हेर सोवनी."

"ते पान मी वाचले होते," मी म्हणालो. "मानले नव्हते."

*

शेवटच्या रविवारी पाऊस पडला नाही. आम्ही नऊ धावांनी हरलो. खेळाडू गेले, मैदानाचा रखवालदार फाटकाची किल्ली घेऊन येऊन उभा राहिला. आम्ही तिघे बाकावरच.

बऱ्याच वेळाने हेर क्र्यूगर यांनी अदबीने विचारले, "आता उठायचे का?"

मी धावफलकाकडे पाहिले. त्यावरील आकडेही उतरवून झाले होते.

"उठा," मी म्हणालो.

मग तेथूनच पुण्यास फोन लावला.

"सुमती, संघ बाद झाला. तुझे बरोबर होते."

पलीकडून ती म्हणाली, "कोण बोलतंय?"

दुसऱ्या दिवशी प्रसादने माझे तिकीट बारा दिवस अलीकडे आणले.