'नको'चं बटण

"हा बग नाही हो, फीचर आहे," आमचे मॅनेजर साने सर म्हणाले आणि माझी तक्रार त्यांनी दुसऱ्यांदा बंद केली.

मी टेस्टर आहे. सॉफ्टवेअर लोकांच्या हाती जाण्याआधी त्यातल्या चुका, म्हणजे बग, शोधायच्या आणि सगळ्यांच्या शिव्या खायच्या, हे माझं काम. आमचं ॲप सोसायटीच्या गेटसाठी आहे. कोणी आलं की वॉचमन ॲपवर कळवतो, तुम्ही 'आत सोडा' दाबता. नव्या व्हर्जनमध्ये त्याआधी एक पॉप-अप यायचा: 'प्रीमियम घेता का?' खाली बटणं दोनच. 'हो' आणि 'नंतर'. 'नंतर' दाबलं की पुढच्या पाहुण्याला पुन्हा तेच!

कर्वेनगरच्या एका सोसायटीत ट्रायल चालू होती. तिथल्या लिमयेकाकू, निवृत्त शिक्षिका, फोनवर कडाडल्या. काका अंथरुणाला खिळलेले. पाठीच्या जखमेचं ड्रेसिंग करायला रोज नर्स येते. काकूंनी दोन्हीपैकी एकही बटण दाबलं नाही, म्हणून त्या दिवशी ती गेटवर ताटकळून शेवटी पुढच्या पेशंटकडे निघून गेली होती.

"काकू, 'नंतर' दाबायचं ना."

"का? मला नंतरही नकोय. खोटं कशाला सांगू?"

कप्पाळ! पण काका दिवसभर तसेच पडून होते. मला फार वाईट वाटलं.

मी सरांकडे गेले.

"अहो, 'नंतर' म्हणजे 'नको'च. एवढंही कळू नये?" सर म्हणाले.

"बरं. सर, शुक्रवारी सुट्टी हवी होती."

"बघू."

पाच मिनिटांनी पुन्हा गेले. "बघू म्हटलं ना." परत गेले. मीटिंगमध्येही डोकावले.

"अहो, नाही जमणार! किती वेळा तेच?"

"सर, 'नाही' आत्ता म्हणालात. मघाशीच म्हणाला असतात तर आले नसते."

सगळी टीम खो खो हसली. सर आधी लाल झाले, मग तेही हसले.

"पण 'नको' दिलं तर सगळे 'नको'च दाबतील."

"मग लोकांना नकोच असेल."

संध्याकाळपर्यंत बटण आलं, आणि एकदा 'नको' दाबलं की पॉप-अप कायमचा गायब. दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. नर्स वेळेवर आली, काकांना झोप लागली. मला काय बरं वाटलं म्हणून सांगू!

तेव्हापासून कोणतीही स्क्रीन तपासताना मी एक गोष्ट आधी बघते. नकार ऐकायची तयारी नसेल, तर मुळात विचारायचंच कशाला?