दोष लाइटीचा

टोकावड्याच्या पुढे माळशेजच्या रस्त्यावरून आत वळलं की पंधरावीस घरांची वस्ती लागते. तिथल्या जयरामच्या मनस्वीला पुण्याच्या एका कंपनीत घरबसल्या काम मिळालं, ते संदेशमुळे. संदेश मूळचा किन्हवलीचा, मुरबाडच्या कॉलेजात तिच्या सात वर्षं आधी शिकलेला. कंपनीत तो टीमचा प्रमुख होता. गावाकडची पोर आहे, कष्टाळू आहे, असं सांगून त्याने तिला घेतलं. तो ते चारचौघांत पुन्हा पुन्हा सांगायचाही.

तीन वर्षं बरी गेली. चौथ्या वर्षी कंपनीने तिला नवा दणकट कॉम्प्युटर पाठवला. लाखो ओळींचा एक प्रोग्राम होता. त्यात जरा बदल केला की तो सगळा पुन्हा कंपाइल करावा, म्हणजे मशीनच्या भाषेत उतरवावा लागे. प्रोसेसरचे सगळे कोर एकदम कामाला जुंपले जात, पंखा गिरणीसारखा घोंघावे, आणि अर्ध्या तासात काम उरके. मे महिन्यापासून ते मधेच तुटायला लागलं. कधी दहाव्या मिनिटाला, कधी पंचविसाव्या. कधी ते काम करणारा कंपायलर कोसळायचा, कधी अख्खा कॉम्प्युटर बंद पडून आपोआप पुन्हा सुरू व्हायचा. कोडमध्ये चूक असती तर काम दर वेळी त्याच ओळीवर अडलं असतं. इथे दर वेळी निराळी फाइल, आणि तीच फाइल पुन्हा लावली की बिनतक्रार पार.

तिने मीटिंगमध्ये हे सांगितलं, तेव्हा संदेश हसला. "मी त्याच भागातला आहे," तो म्हणाला, "तिथली लाइट मला विचारा." बाकीच्यांनी माना डोलावल्या. मुरबाड तालुका त्यांच्यापैकी कोणी नकाशातसुद्धा पाहिला नव्हता.

ही गोष्ट जयरामच्या कानावर गेली आणि त्याने ती मनाला लावून घेतली. पोरीची नोकरी आपल्या घरातल्या लाइटीने जाणार, या विचाराने त्याला अन्न गोड लागेना. त्याने घरामागे कमरेएवढा खड्डा खणला, त्यात कोळसा आणि मीठ भरून नवं अर्थिंग केलं, सगळ्या वायरी बदलून घेतल्या. तरी कॉम्प्युटर बंद पडतच राहिला. मग तो वायरमन धाकलूवर उलटला. दोघं लहानपणापासूनचे सोबती. धाकलू मीटर घेऊन आला, त्याने व्होल्टेज बरोबर असल्याचं काटा दाखवून सांगितलं. जयरामने एसटीच्या थांब्यावर माणसांदेखत त्याला खोटा म्हटलं. धाकलूने मीटर पिशवीत घातला आणि निघून गेला. त्यानंतर दोघांचं बोलणं बंद झालं.

मनस्वी मात्र एकेक गोष्ट बाजूला काढत गेली. रॅमच्या पट्ट्या एकेक करून लावल्या, दोन दिवस त्यांची तपासणी चालवली. एकही चूक निघाली नाही. यूपीएस आणला आणि मेन स्विच पाडून निव्वळ बॅटरीवर काम लावलं. सोळाव्या मिनिटाला कॉम्प्युटर कोसळला. बॅटरीवर गावची लाइट कुठून येणार? शेवटी तिने तो गोधडीत गुंडाळून टेम्पोने शहापूरला, राघोच्या दुरुस्तीच्या दुकानात नेला. राघोने पॉवर सप्लाय बदलून पाहिला, प्रोसेसरवरचा कूलर नवा बसवला. तिथेही तेच.

मग राघोने मदरबोर्डच्या सेटिंग उघडल्या आणि एकेक आकडा तपासला. बोर्ड बनवणाऱ्याने कारखान्यातच वेगाच्या हव्यासापोटी सगळे लगाम सोडून ठेवले होते. प्रोसेसरला सोसवेल त्याहून जास्त व्होल्टेज महिनोन्महिने जात होतं.

"आतून झिजलाय हा," राघो म्हणाला. "साध्या कामाला चालंल. जोर लावला की तोल जातो."

त्यांनी प्रोसेसरचा वेग उतरवला. कंपाइलचं काम लागोपाठ अकरा वेळा पार पडलं. वेग पुन्हा चढवला, तर तिसऱ्या वेळी कॉम्प्युटर कोसळला.

मनस्वीने नऊ पानांचा अहवाल लिहिला. प्रत्येक चाचणी, तारीख, तापमान, व्होल्टेज. बॅटरीवरची आणि शहापूरची चाचणी वेगवेगळ्या रकान्यांत. संदेशचं उत्तर दोन ओळींचं आलं. वेग कमी केल्यावर लाइटीवरचा भार कमी होतो, म्हणून चालतं. आणि शहापूरची लाइट तरी कुठे बरी? त्याने अहवालाचं पहिलं पानसुद्धा पुरतं वाचलं नव्हतं.

ऑगस्टमध्ये तिचं कंत्राट संपवलं. शेरा होता, 'कामात सातत्य नाही.' कॉम्प्युटर परत न्यायला माणूस आला. तिने वायरी नीट गुंडाळून पेटीत ठेवल्या, पावतीवर सही केली.

तो कॉम्प्युटर पुण्यात दुसऱ्याला दिला गेला आणि तिथेही पडायला लागला. मग त्याच खेपेतले आणखी सहा पडले. डिसेंबरात तिथल्या टीममधल्या अनिताने मनस्वीला एक फाइल पाठवली, सोबत फक्त 'बघ' एवढंच लिहून. प्रोसेसर झिजल्याचा शोध कसा लागला याचा तो अहवाल होता. आकडे मनस्वीचे, चाचण्यांचा क्रम मनस्वीचा. टोकावडे आणि शहापूर काढून तिथे 'ठिकाण एक' आणि 'ठिकाण दोन' लिहिलं होतं. वर नाव संदेशचं.

तिने त्याला फोन लावला. मीटिंगमध्ये छापील बोलणारा संदेश तिच्याशी मात्र गावचं बोलायचा.

"तुजं नाव घातलं असतं गो," तो म्हणाला, "पन तू तवा कंपनीत नव्हतीस ना."

"का नव्हते?"

त्याने विषय बदलला. मग म्हणाला की जागा निघाली की बघू, पण या वेळी पुण्यात येऊन राहावं लागेल. तिने फक्त एक ओळ लेखी मागितली: दोष लाइटीचा नव्हता. तो हो म्हणाला. ती ओळ आली नाही. तिने चार मेल केले, मग सोडून दिलं.

जयरामला तिने सगळं समजावून सांगितलं. तो ऐकत राहिला. "म्हंजे धाकलू बरोबर होता," एवढंच म्हणाला. माफी मागायला जा, असं ती दोनदा म्हणाली, पण त्याचे पाय त्या घराकडे वळले नाहीत. फेब्रुवारीत धाकलूच्या मुलीचं लग्न झालं. पत्रिका आली नाही, आणि ती का आली नाही, हे घरात कोणी विचारलं नाही.

आता मनस्वी राघोच्या दुकानात काम करते आणि दुसरीकडे अर्ज पाठवते. मुलाखतीत आधीची नोकरी का सुटली हे विचारतात. सुरुवातीला ती खरं सांगायची: मदरबोर्ड, व्होल्टेज, झिजलेला प्रोसेसर. समोरचा माणूस ऐकता ऐकता तिच्या अर्जावरचा गावाचा पत्ता बघायचा आणि विचारायचा, "तुमच्याकडे लाइट असते ना?" तीन वेळा असं झाल्यावर तिने उत्तर बदललं. आता ती घरगुती कारण सांगते. त्यावर पुढचा प्रश्न कोणी विचारत नाही.