अंधारात बघणारा कॅमेरा

फ्लॅशचा मला लहानपणापासून राग आहे. घरातल्या सगळ्या जुन्या फोटोंत मी दचकलेली आहे, डोळे लाल आणि मागच्या भिंतीवर माझीच काळी सावली. त्यामुळे स्वतःच्या पगारातून मनासारखा कॅमेरा घ्यायचं ठरवलं तेव्हा दुकानदाराला मी आधीच सांगून टाकलं, "भैया, अंधेरे में देखने वाला चाहिए." त्याने फुल फ्रेम कॅमेरा काढून समोर ठेवला. याची सगळी करामत सेन्सरमध्ये असते. लेन्समधून आलेला उजेड सेन्सरवर पडतो, आणि सेन्सर मोठा असला की उजेड जास्त मिळतो. पावसात वाटी ठेवली आणि परात ठेवली तर परातीत पाणी जास्त साठणार, त्यात शास्त्र ते काय? माझ्याकडे परात आली.

माहेरी गेले तेव्हा आईने तो दोन्ही हातांत तोलून बघितला आणि म्हणाली, "जावयाला सवत आणलीस की गं."

आम्ही गुडगावात राहतो. नवरा मानेसरला गाड्यांच्या सुट्या भागांच्या कारखान्यात आहे, मी घरापासून जवळच एका आयटी कंपनीत. इथे हिवाळ्यात उजेडाचं काही खरं नसतं. दिवाळीच्या सुमाराला आकाश भांडी विसळलेल्या पाण्यासारखं होतं आणि पुढे कित्येक आठवडे तसंच राहतं. बाकीचे लोक मास्क लावतात, खोकतात, सरकारला शिव्या देतात. मी मात्र खूश असायचे. भर दुपारी तिन्हीसांजा झाल्यासारखा तो मळका उजेड माझ्या कॅमेऱ्याला फार मानवायचा.

बाबा गेल्यानंतरच्या वर्षी, गणपती झाल्यावर, आई पुण्याहून आमच्याकडे राहायला आली. लेकीकडे किती दिवस राहायचं, हा प्रश्न तिने बॅगेतून बरोबरच आणला होता. आल्याआल्या तिची पहिली तक्रार, "तुमच्या घरात उजेडच नाही." मी दिवे बदलले. हॉल इतका लखलखीत झाला की नवरा म्हणाला, "यार, आपण राहतो की शोरूम चालवतो?" तरी आईचं तेच. थंडी पडायला लागल्यावर तिने शब्द बदलला. "सगळं धूसर दिसतंय गं."

"आई, दिल्ली आहे," मी म्हणाले. "इथे सगळ्यांनाच धूसर दिसतं."

माझी लेक इथेच वाढलेली. तिने विचारलं, "धूसर मतलब?" नवरा म्हणाला, "खिडकीबाहेर बघ." तिने बघितलं आणि तिला शब्द कळला. आम्ही सगळे हसलो, आईसुद्धा. मग आम्ही हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं आणि आईच्या खोलीत लावून दिलं.

त्या दिवाळीत आईने दाराबाहेर ठिपक्यांची रांगोळी काढली. आईची रांगोळी म्हणजे आमच्या जुन्या कॉलनीत बायका बघायला येत अशी. मी पणत्यांच्या उजेडात रांगोळीचे फोटो काढले, अर्थात फ्लॅशशिवाय. नंतर ते मोठे करून बघताना लक्षात आलं की उजवी बाजू नेहमीसारखी देखणी आहे आणि डावीकडे रेषा मध्येच थांबल्या आहेत. कडेचे ठिपके तसेच सुटे पडलेले. समोरच्या पंजाबी काकू तर कौतुकाने म्हणाल्या होत्या, "आंटीजी ने एकदम मॉडर्न डिझाइन बनाया है." आईला मी विचारलं तर ती वैतागली. "पणतीच्या उजेडात काय कप्पाळ दिसणार?" मला ते पटलं. त्याच उजेडात माझ्या कॅमेऱ्याला ठिपका न् ठिपका दिसला होता, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

संक्रांतीला आम्ही पानिपतला गेलो. बाकीचा महाराष्ट्र त्या दिवशी तिळगूळ वाटतो. दिल्लीतली मराठी मंडळी तिळगूळ डब्यात घेऊन, बस करून, हरलेल्या लढाईला भेटायला जातात. काला अंबला पोहोचलो तर धुकं इतकं की स्मारकाचा स्तंभ अगदी अंगावर येईपर्यंत सापडला नाही. आईने माझा दंड घट्ट धरला होता.

"मला काही म्हणजे काही दिसत नाहीये," ती म्हणाली.

"काकू, आज कोणालाच दिसत नाहीये," बसमधल्या एका गृहस्थांनी सांगितलं.

"निवळेल थोड्या वेळात," मी म्हणाले. "विश्वास ठेव."

"विश्वास तर इथेच गेला," आई म्हणाली, आणि सगळी मंडळी खो खो हसली. पुढे बराच वेळ तो विनोद एकाकडून दुसऱ्याकडे फिरत होता. आई त्या दिवशी फार भाव खाऊन गेली.

दुपारी खरंच धुकं उठलं. गवतावर ऊन आलं, मुलं पळायला लागली, स्तंभ वरपर्यंत दिसायला लागला. मी आईचा हात सोडून फोटोंच्या मागे लागले होते. परत आले तर ती बाकावर बसून होती. पायांवर ऊन पडलेलं. तिने विचारलं, "निवळलं का गं?"

मला वाटलं चष्म्यावर बाष्प धरलं असेल. मी ओढणीने चष्मा पुसून दिला.

पुढच्या एका रविवारी आमच्या सोसायटीच्या क्लबहाउसमध्ये डोळे तपासणीचं शिबिर होतं. फुकट आहे म्हटल्यावर आई स्वतःच तयार झाली. तिथल्या माणसाने बॅटरीने दोन्ही डोळे पाहिले, एका यंत्रातून पुन्हा पाहिले, आणि मला म्हणाला, "माताजी को काला मोतिया लग रहा है. किसी बड़े अस्पताल में दिखा लीजिए."

काय सांगू, आम्हाला किती हायसं वाटलं. मोतिया म्हणजे मोतीबिंदू, आणि काला म्हणजे चांगला पिकलेला. आमच्यापैकी कोणालाही दुसरी शंका आली नाही. नवरा म्हणाला, "बिल्कुल टेन्शन नको. माझ्या बॉसच्या आईचा काढला, दुसऱ्या दिवशी टीव्ही बघत होत्या." आईने पुण्याला मावशीला फोन लावला. "अगं, मोतीबिंदू निघाला. इकडे काला मोतिया म्हणतात. मी उगाच हवेला नावं ठेवत होते." त्या दिवशी तिने शिरा केला. ऑपरेशन थंडी सरल्यावर करावं, असं ठरलं, कारण थंडीत जखम भरत नाही असं मावशीचं मत पडलं.

होळीच्या आसपास गुडगावचं आकाश निळं होतं. फार दिवस टिकत नाही, पण होतं. त्याच दिवसांत आम्ही इस्पितळात गेलो. आईला एका मोठ्या पांढऱ्या वाडग्यासारख्या यंत्रात डोकं घालून बसवलं. आत उजेडाचे बारीक ठिपके चमकतात, दिसला की हातातलं बटण दाबायचं. मी मागे उभी होते. आई बटण दाबेचना. मला वाटलं, यंत्र अजून सुरू केलेलं नाही.

आतल्या डॉक्टरीणबाईंना मी विचारलं, "ऑपरेशन कब करेंगी आप?"

"किस चीज़ का?"

"मोतिया का."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग हळू आवाजात म्हणाल्या, "वो सफ़ेद मोतिया होता है जी, जिसमें लेंस डालते हैं. ये काला मोतिया है. ग्लॉकोमा."

ग्लॉकोमा म्हणजे काचबिंदू. एवढं मला कळत होतं. मराठीत मोती वेगळा आणि काच वेगळी. आमच्या भाषेने हे दोन आजार स्वच्छ निराळे ठेवले आहेत. हिंदीने दोघांना एकच मोतिया दिला आणि आम्ही त्या मोत्यावर शिरा खाऊन बसलो. डोळ्यातला दाब वाढून आतली नस मरते, बाई समजावत होत्या. डावा डोळा जवळजवळ संपलाय. उजव्यात मधोमध लहानशी खिडकी उरली आहे, कडेचं सगळं गेलंय. गेलेलं परत येत नाही. थेंब घालायचे ते उरलेलं टिकवायला, आणि टिकेलच असंही नाही. "पहले आते तो?" मी विचारलं. "तो थोड़ा ज़्यादा बचता," त्या म्हणाल्या. खोटा धीर दिला नाही याबद्दल मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मला त्यांचा फक्त राग आला.

गाडीत आईने विचारलं, "मग आता काय काढणार?"

"काही काढणार नाहीत."

"मग काय घालणार?"

"थेंब," मी म्हणाले.

ती बाहेर बघत बसली. बाहेर ढीगभर ऊन होतं.

त्यानंतर काही दिवस मी कॅमेऱ्याला हात लावला नाही. मग एकदा दिवेलागणीला आई देवापुढे निरांजन लावत होती, म्हणजे चाचपडत वात शोधत होती, आणि मला राहवलं नाही. हॉलमधले ते शोरूमचे दिवे बंद करून मी फोटो काढायला लागले. शटरचा आवाज ऐकून आई म्हणाली, "एवढ्या अंधारात त्यातून तुला काय दिसतं गं?"

मी पट्टा तिच्या गळ्यात अडकवला. या कॅमेऱ्यात ज्या भोकातून बघायचं तिथे काच नसते, लहानसा पडदा असतो. डोळा जवळ नेला की तो आपोआप उजळतो, आणि अंधाऱ्या खोलीचं उजेडी चित्र त्यात दिसतं. मी तिचा उजवा डोळा तिथे टेकवला.

आईने कॅमेरा दोन्ही हातांनी घट्ट धरला. मग म्हणाली, "अगं, हा देव्हारा. आख्खा."

सगळी खोली आकसून त्या भोकात मावत होती, आणि तिच्या उरलेल्या खिडकीतही मावत होती. ती जागच्या जागी वळली. दार दिसलं, सोफा दिसला. सोफ्यावर नवरा नुकताच येऊन बसला होता. "जावईबापू, मोजे आता फेकायला झालेत," ती म्हणाली. नवऱ्याने पाय आत घेतले. मग तिला नात दिसली. तिच्यावर ती थांबली. "हनुवटी आजोबांची आलीय हिची. हे मला आत्ता कळतंय," ती म्हणाली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि रडून घेतलं.

त्या दिवसापासून दिवे लागले की आई कॅमेरा मागायची. नात त्याला आज्जीचा टेलिस्कोप म्हणायला लागली. आईने एकदाही फोटो काढला नाही. बटण कुठे आहे हेसुद्धा विचारलं नाही. तिला माणसं बघायची होती, आणि ती आम्हाला पोटभर बघायची. कोण वाळलंय, कोणाचे केस पिकले, कोणी परवाचाच कुर्ता आज पुन्हा घातलाय. मी जास्त उजेड घेणारी लेन्स आणली. पडदा जास्तीत जास्त उजळ करून ठेवला. कॅमेऱ्याच्या पोटात इतक्या सोयी असतात हे मला तोवर माहीत नव्हतं, एकेक शोधून मी सगळ्या वापरल्या. खोलीतला उजेड मी वाटेल तेवढा वाढवू शकत होते. आईच्या डोळ्यात काडीचा फरक पाडू शकत नव्हते. थेंब बदलले, एकाचे दोन झाले, दाब उतरवायला एक लहान शस्त्रक्रियाही झाली. दर खेपेला बाई यंत्राकडे बघत आणि "देखते हैं" म्हणत. इतका चीड आणणारा शब्द मी दुसरा ऐकलेला नाही.

यंदाच्या हिवाळ्यात पुण्याला परत जायचा विषय आईने काढलाच नाही.

परवा तिन्हीसांजेला ती रोजच्यासारखी देवापुढे खुर्चीत बसली. मी कॅमेरा हातात दिला. तिने तो डोळ्याला लावला, मग जरा वर सरकवला, जरा खाली. चष्मा काढून पुन्हा लावून पाहिला. लेक समोर उभी होती, हसून, आजीने काहीतरी म्हणावं म्हणून.

"बॅटरी संपली वाटतं गं," आई म्हणाली.

मी शेजारी वाकून पाहिलं. पडदा चालू होता. त्याचा उजेड आईच्या पापणीवर आणि गालावर पडला होता. लेकीने माझ्याकडे बघितलं आणि तोंड उघडलं. मी मानेने नको म्हटलं.

"हो, संपलीये," मी म्हणाले. "चार्जिंगला लावते."

मी तिच्या हातातून कॅमेरा घेतला, बॅटरी काढली आणि चार्जरमध्ये बसवली. चार्जरचा दिवा लगेच हिरवा झाला.

"झाली की सांग," आई म्हणाली, आणि हात मांडीवर ठेवून वाट बघत बसली.