सभागृह हसते

कुणी दोन मिनिटांहून जास्त बोलायला लागलं, की अंकलच्या उजव्या हाताचं बोट टेबलावर फिरू लागायचं. सुपरवायझर रजेचे नियम सांगत असो, नाहीतर मी बर्फाला शिव्या घालत असो, बोट चालूच. वर मला म्हणायचे, "बोल पोरी, मी उतरवून घेतोय."

ऐंशीच्या दशकात अमेरिकेतल्या ॲन आर्बरच्या विद्यापीठात, ग्रंथालयाच्या तळघरात आम्ही दोघं मासिकं लावायचो. हे गृहस्थ घानाचे. देश स्वतंत्र झाला तेव्हा तिथल्या संसदेत स्टेनो होते. पहिल्या पुढाऱ्यांची भाषणं त्यांनी शॉर्टहँडमध्ये उतरवलेली. पुढे सरकार उलथलं, तेव्हा कपडे मागे ठेवून आठ वह्या घेऊन निघाले. आता नजर अधू झालेली; मासिकांची ठळक नावं तेवढी दिसायची, पेन्सिलीच्या बारीक रेषा नाहीत.

"भाषणं छापलेली आहेत की, वरच्या मजल्यावर," मी म्हटलं.

"ती मी टाइप केलेली. पुढारी बोलतो, स्टेनो इस्त्री करतो. खरं बोलणं वह्यांत आहे."

मी नागपूरला शॉर्टहँडची, शंभरच्या स्पीडची परीक्षा पास झालेली. अडीअडचणीला उपयोगी पडेल, असं आईचं म्हणणं. अमेरिकेत त्याला कुणी विचारत नव्हतं. मग काय, रोज लंचला मी वाचायची आणि टाइप करायची. ते हात टेबलाखाली घेऊन बसायचे. थंडी वाजते म्हणायचे.

"अंकल, हे टिंब कसलं?"

"खोकला."

"आणि ही गोगलगाय?"

"मंत्र्यांना पुढचं आठवत नाही. छापताना मी तिथे एक शाळा घालून दिली."

"मग?"

"मग बांधावी लागली त्यांना. माझी धाकटी बहीण तिथेच शिकली."

जागोजागी कंसात 'सभागृह हसते' असं असायचं. ते आलं की मी थांबायची आणि अख्ख्या सभागृहाचं काम ते एकटे करायचे.

अशी घरगुती चिन्हं त्यांनी ढिगानं केली होती, आणि ती फक्त त्यांनाच ठाऊक. म्हणून घाई होती. ते होते तोवरच वह्या बोलणार होत्या.

आठवी वही अर्ध्यावर आली आणि ते गेले. उरलेली अर्धी घेऊन मी अजून बसते. लागत नाही, आणि फार वाईट वाटतं.

महिन्याभरानं त्यांची मुलगी नववी वही घेऊन आली. नवी करकरीत, इथल्याच दुकानातली. "लंचला न्यायचे रोज," म्हणाली. टेबलाखाली, न बघता लिहिलेली. ओळी एकमेकींवर चढलेल्या. बराच वेळ काही लागेना. शेवटी एका पानावर एक कंस तेवढा सुटा सापडला.

(पोरगी हसते.)