बाबाशी बोललेले दोन सर

भिवापूरच्या बसस्टँडवर बाबा मले सोडाले आला तं एका हातात मायी बॅग अन् खांद्यावर गादीची वळकटी. नागपूर कितीक दूर? दोन तास. पण बाबाचं तोंड असं, जसा मी समुद्रापार चाललो. आई आलीच नाही. ती सातऱ्यावर गेली होती, म्हणजे मिरची वाळवाच्या मैदानावर, देठ खुडाले. निघतानी तिनं मले जवळबी घेतलं नाही. म्हणे, "हाताचं तिखट जात नाही बाप्पा, तुया डोळ्याले लागन." डोळे मंग तसेच भरले, दोघाईचेबी, अन् दोघाईनं मिरचीवर ढकललं.

बाबा गावच्या मेडिकलवर कामाले आहे. इंग्रजी नावं वाचता येत नाहीत, पाकिटाच्या रंगावरून गोळी ओळखते, अन् आजवर चुकला नाही. बस हलली तं खिडकीखाली येऊन म्हणे, "गोळ्या विकणारे गावात लय आहेत गा. तू बनवणारा हो."

गावात राहिलेल्या दोस्ताईनो, तुम्हाले वाटते आम्ही इथी मजा मारून राहिलो. नागपूरच्या कडेले, बेसाले, एका खोलीत तिघं राहतो. कपडे वाळत नाहीत, डब्यातली भाजी ओळखू येत नाही. मले विद्या एकच पक्की येते, दुसऱ्याचा आवाज काढाची. गावात हेडमास्तर काढत होतो, मिरचीचा व्यापारी काढत होतो. इथी आल्यावर पंधरा दिवसांत आमचे प्रोजेक्टचे गाईड सर बसले गळ्यात. पयले खाकरणं, मंग "हे बघा", मंग लांब थांबणं. खोलीतले पोट्टे लोळून हसत.

एम. फार्म.च्या दुसऱ्या वर्षी प्रोजेक्ट असते. मले अशी गोळी बनवाची होती की पोटात बारा तास हळूहळू औषध सोडन. काचेच्या भांड्यात कोमट पाणी घ्याचं, त्यात गोळी सोडाची, अन् दर तासाले थोडं पाणी काढून मोजाचं, किती औषध उतरलं ते. मायी गोळी दोन तासात साफ. पंगतीत सगळ्यात मागून बसून सगळ्याच्या पयले उठणाऱ्या माणसावाणी. पावडर बदलली, मशीनचा दाब बदलला, गोळी काही थांबे ना. शेवटी सर म्हणाले, "हे बघ, या सत्रात सबमिशन होणार नाही. अजून सहा महिने लागतील. आणि तुला हे खरंच करायचं आहे का, याचाही विचार कर."

तिकडं बाबा काउंटरवर येणाऱ्या-जाणाऱ्याले सांगून राहिला होता, पोट्टा आता गोळ्या बनवते. दर रविवारी फोनवर एकच, "तुया सराईशी बोलणं करून दे." मी कधी म्हणो सर मीटिंगमधी आहेत, कधी म्हणो दिल्लीले गेले. एका रविवारी थकलो अन् म्हटलं, "घे, सर इथीच आहेत." फोन जरा दूर धरला, खाकरलो. "हे बघा, नमस्कार. मुलगा हुशार आहे. काळजी करू नका."

माया हिशोबानं तिथीच संपाले पायजे होतं. बाबानं फोन ठेवला नाही.

"सर, एक सांगू काय? हा पोट्टा पयलेपासून सगळ्याईले हसवते. पण आजकाल फोनवर लयच हसवून राहिला. काहीतरी बिघडलं असन. नसन जमत तं त्याले म्हणा, घरी ये. मी काहीच म्हणणार नाही. तुम्हीच सांगा. मले त्याच्यापुढं बोलता येत नाही."

मले रडू येऊन राहिलं होतं, पण सर कुठी असे रडतात. खाकरलो अन् म्हटलं, "हे बघा, सांगतो."

पुढच्या आठवड्यात बसच्या कंडक्टरच्या हातानं दोन किलो तिखट आलं. पिशवीवर बाबाच्या अक्षरात, "सरांसाठी". चार दिवस पिशवी मायाच खाटेखाली. खोलीतले शिंकून शिंकून बेजार. एक म्हणे, "सराईले दे ना बे, नाहीतं आम्हाले तरी खाऊ दे." पाचव्या दिवशी नेऊन दिली.

सर म्हणाले, "अरे, पण मी तुझ्या वडिलांशी कधी बोललोच नाही. लाव फोन, आभार तरी मानतो." लावला. टेबलावर ठेवून स्पीकर सुरू केला. सर खाकरले, नमस्कार म्हणाले. तिकडून बाबा म्हणे, "सर, आवाज बसला काय तुमचा? त्या दिवशी तं चांगला ठणठणीत होता."

सराईनं मायाकडं पायलं. मी फोन उचलला. "बाबा, त्या दिवशी मीच होतो." मंग थांबताच आलं नाही. "गोळी बनून नाही राहिली बाबा. सहा महिने अजून लागतीन. तरी बनन का नाही, काही माहीत नाही."

तिकडं कोणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं. बाबा त्याले म्हणे, "थांब गा जरा, पोराचा फोन आहे." मंग मले, "म्हणजे मी जे बोललो, ते तूच ऐकलं?"

"हो."

"मंग बरं झालं. मायं सांगाचं राहिलं नाही काही." अन् वरून म्हणे, "तिखट तरी खऱ्या सराईले भेटलं ना?"

सराईनं पिशवी उघडून वास घेतला, चारदा शिंकले, अन् म्हणाले, "उद्या दहाला लॅबमध्ये ये."

काल मायी गोळी साडेतीन तास टिकली. बारा अजून लय दूर आहेत, अन् घरी परत जाचं का इथी राहाचं, हे मले सकाळी एक वाटते, संध्याकाळी दुसरं. भिवापूरले गेलो तं दोन दिवसात बेसाची खोली आठवते, बेसाले आलो तं आईचे तिखट हात. घर म्हणाले आता मायाजवळ रविवारचा एक फोन आहे. त्या फोनवर मी कोणाचाच आवाज काढत नाही, म्हणून पयले काही सुचतच नाही. बाबाच्या मागून मेडिकलचं शटर वाजते. मंग तो म्हणते, "बोल गा."