ओलं फडकं आणि प्रमिलावहिनी

दादाचा ट्रंक कॉल जबलपूरला आला तेव्हा मी गच्चीवर पापड वाळत घालत होते. लाइनीवर खरखर होती. "प्रमिला गेली वं, कुंदा..." एवढंच तो बोलू शकला. माझ्या भावाचा इतका फुटलेला आवाज मी कधी ऐकला नव्हता. आमचे बाबा गेले तेव्हाही नाही. वहिनींना पन्नाशीही गाठता आली नाही. रडू आलंच, पण त्याआधी क्षणभर मनात आलं ते हे, की माझ्या बाबतीत असा आवाज कुणाचा फुटेल?... वहिनींच्या बाबतीत माझं हे नेहमीचंच होतं.

त्या आमच्या घरी येण्याआधी नागपुरात बाबांची गाडी ही माझी आणि बाबांची गोष्ट होती. आई लवकर गेलेली, दादाला गाडीत रस नाही. करड्या रंगाची ती जुनी गाडी थंड असताना एका फटक्यात सुरू व्हायची आणि कितीही लांब निमूट धावायची. पण वाटेत चहाला थांबलो, इंजिन बंद केलं आणि थोड्या वेळानं पुन्हा सुरू केलं, की भक्‌भक् करत हिसके द्यायची. थोडं अंतर गेल्यावर आपोआप बरी! गॅरेजात न्यावी तोवर ती थंड झालेली असायची, मग तिथल्या लोकांना काहीच सापडत नसे. नागपूरच्या उन्हात इंजिनजवळच्या छोट्या पंपातलं पेट्रोल उकळतं, असं बाबांचं ठाम मत होतं. म्हणून त्या पंपावर ओलं फडकं ठेवायचं, आणि ते काम माझं. मांडीवर पाण्याची बाटली घेऊन मी त्यांच्या शेजारी बसायची. बाबा एरवी अबोल, पण उघड्या बॉनेटपाशी, गाडी निवायची वाट बघताना, ते माझ्याशी बोलायचे. आईबद्दलही बोलायचे... दुसरीकडे कुठेच नाही.

वहिनी नरखेडकडच्या. माहेरी संत्र्याचा बगीचा, स्वतः बी.एस्सी. झालेल्या, मुलींच्या शाळेत विज्ञान शिकवायच्या. लग्नानंतरच्या पहिल्याच हिवाळ्यात आम्ही सगळे त्यांच्या माहेरी गेलो होतो. परतताना काटोलला चहा झाला आणि गाडीनं हिसके द्यायला सुरुवात केली. बाबांनी ती बाजूला घेतली. मी सवयीनं फडकं भिजवलं. वहिनी पदर खोचून खाली उतरल्या.

"मामाजी, आज तर एवढी थंडी आहे. पेट्रोल कसं उकळन?"

बाबांनी बॉनेट उघडलं. वहिनी पुढे म्हणाल्या, "चालताना हवा लागते. उभी राहिली का इंजिनची सगळी गर्मी आजूबाजूच्या सामानाले चढते. मंग बंद केल्यावरच काहून बिघडते, तर बाजूले काय काय आहे थे पाहा लागन." त्यांनी इंजिनला खेटून बसवलेल्या, ठिणगीसाठी वीज पुरवणाऱ्या कॉइलला बोट लावलं आणि झटकन मागे घेतलं. "ही पाहा, केवढी तापून राहिली. आमच्या मोटरसायकलले असंच झालं होतं. तापली का ठिणगीच बरोबर देत नव्हती."

मग माझ्याकडे हात पुढे केला. "कुंदाताई, द्या बरं थे फडकं."

मी दिलं. काय करणार! त्यांनी ते घट्ट पिळलं, वरचा तारांचा भाग कोरडा राहील अशा बेतानं कॉइलच्या पोटाला गुंडाळलं. थोड्या वेळानं बाबांनी गाडी सुरू केली. एक हिसका नाही. पण वहिनींना तेवढ्यानं पटेना. पुढे त्यांनी पुन्हा गाडी थांबवायला लावली, तेवढाच वेळ वाट पाहिली, यावेळी फडक्याशिवाय. हिसके! पुन्हा फडकं, पुन्हा सुरळीत. बाबा स्टिअरिंगवर थाप मारून हसले. मी त्यांना तसं हसवलं नव्हतं कधी.

पुढच्या आठवड्यात नवी कॉइल आली आणि इंजिनपासून दूर बसवली गेली. गाडी बरी झाली आणि माझं काम गेलं. मग बाबांनी वहिनींना गाडी शिकवली. त्या पुढच्या सीटवर, मी मागे. एकदा न राहवून विचारलं, "बाबा, मले काहून नाही शिकवली?" "तू फडकं फार चांगलं ठेवायची वं, कुंदा," ते म्हणाले. त्यांना ते कौतुक वाटत होतं.

लग्न होऊन मी जबलपूरला आले. एका उन्हाळ्यात भर दुपारी बाबांच्या छातीत कळ आली. दादा ऑफिसात होता. वहिनी तेव्हाच शाळेतून परतल्या होत्या, गाडी नुकती बंद केलेली, तापलेली. तीच पुन्हा सुरू करून त्यांनी बाबांना रामदासपेठेतल्या दवाखान्यात नेलं. बाबा वाचले, पुढे बरीच वर्षं जगले. मी धावत नागपूरला गेले, त्यांचा हात हातात घेतला आणि देवाचे आभार मानले... पण ती गाडी चालवणारी मी नव्हते, हे मला त्या खोलीतही सलत होतं. वहिनी मला बाहेर व्हरांड्यात घेऊन गेल्या.

"कुंदाताई, रस्ताभर तुमचंच नाव घेऊन राहिले होते मामाजी."

"खरं सांगता का मन राखता?"

त्या थकल्यासारख्या हसल्या. "तुम्ही माह्यावर जळता, मले माहीत आहे. जळा. पण येत जा."

म्हणून मी जात राहिले. दर सुट्टीला.

वहिनींच्या तेरवीच्या दुसऱ्या दिवशी दादाच्या परसातली विहिरीवरची मोटर घरघरून बंद पडली. दादा, त्याची दोन्ही मुलं, शेजारचे काका, सगळे गोळा झाले, आणि एकदम स्वयंपाकघराच्या दाराकडे पाहू लागले. त्या दारातून हात पुसत बाहेर यायच्या त्या, आधी मोटरवर तळवा ठेवायच्या, मगच बोलायच्या. मीही तिकडेच बघत होते. दार रिकामं होतं, तरी कितीतरी वेळ कुणाची नजर हटेना... माझ्या घरी माझ्यासाठी कोण असं दाराकडे बघेल, हे मला ठाऊक नाही. दादानं डोळ्यांना उपरणं लावलं, आणि मी तिथे उभी राहून रडत होते आणि वहिनींवर जळतही होते.