तीन बोटांचा आ

प्रताप नगरातल्या दातांच्या दवाखान्यात लवंगेच्या तेलाचा वास भरून राहिला होता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "तीन बोटं उभी धरून तोंडात घाला. मावली, तर जबडा नीट उघडतो." आणि मला माझ्या दहावीच्या निकालाचा दिवस आठवला.

मी बाबांसमोर अख्खी संत्रा बर्फी धरली होती. "बाबा, मोठा आ करा ना!" त्यांचे ओठ फाकले, पण दातांमध्ये जेमतेम एक बोट जाईल एवढीच फट पडली. बर्फी दातांवर आपटून शर्टावर पडली. "लहान तुकडा दे वं, मले एवढं नाही जमत." आम्ही पोट धरून हसलो. बाबाही हसले, तेवढ्याच फटीतून.

त्यांचा खर्रा रोज सकाळी मीच घोटायचे, प्लास्टिकच्या पन्नीवर सुपारी, तंबाखू आणि चुना बोटांनी चोळून. "माह्या पोरीच्या हातचा खर्रा," असं ते सगळ्यांना कौतुकानं सांगायचे. निकालानंतर दोन वर्षांनी त्या तोंडात पाण्याचा चमचाही जाईना.

"घाला ना," डॉक्टरीणबाई पुन्हा म्हणाल्या. माझी तिन्ही बोटं सहज आत गेली. जिभेवर चुन्याची चव आली.